शिलेदाराचा घोडा आणि सरकारचे आयोग

हिंदुस्थान सरकारने १९००-०१ मध्ये घोडे व खेचरे यांच्या पैदाशीचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला, तेव्हा त्या आयोगासमोरचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना झालेला होता. लष्कराला लागणारा घोडा या देशात पुरेशा संख्येने, पुरेशा उंचीचा आणि परवडेल अशा किमतीत का मिळत नाही, हा तो प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मंडळ स्थापले होते, पुढे अश्वशाळा उभारल्या होत्या, कंपनीनंतर आलेल्या सरकारने १८७२ च्या एका खास आयोगाच्या चौकशीनंतर त्या मोडीत काढल्या होत्या आणि १८७६ मध्ये त्यांच्या जागी नवे खाते निर्माण केले होते. प्रत्येक वेळी निदान वळू घोड्याच्या रक्ताचे, घोडीच्या बांध्याचे किंवा वैरणीचे झाले. घोडा पाळणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र प्रत्येक वेळी परिशिष्टात राहिला. दख्खनच्या बाबतीत ही चूक विशेष ठळक दिसते, कारण येथे घोड्याची पैदास ज्या व्यवस्थेवर उभी होती ती व्यवस्था कंपनीनेच १८१८ मध्ये बरखास्त केली होती, आणि पुढचे शतकभर सरकार तिची उणीव खात्यांनी व आयोगांनी भरून काढण्याचा प्रयत्न करीत राहिले.

ती व्यवस्था समजून घेण्यासाठी मराठी लष्करातील दोन प्रकारचे स्वार वेगळे ओळखावे लागतात. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. त्याचा घोडा, खोगीर आणि चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, सरकारचा असे. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा स्वार. त्याचे वेतन त्याच्या अंगमेहनतीइतकेच त्याच्या घोड्याचेही असे. सरकारी घोड्यांच्या तुकडीला पागा म्हणत. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची जी रचना दिली आहे, तिच्यात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी अशी चढती मांडणी असून, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला आहे. पाणी भरणारा आणि नाल ठोकणारा यांची गणती लष्कराच्या मूळ घटकातच व्हावी, ही बाब त्या काळच्या घोडदळाविषयी पुष्कळ सांगून जाते. त्याच बखरीत पावसाळ्यात लष्कर छावणीला परतल्यावर घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा आधीच तयार ठेवण्याची तजवीज वर्णिलेली आहे. पावसाळ्याचे चार महिने घोडा निकामी उभा असतो आणि तरीही खातच असतो, हे घोडदळाच्या अर्थकारणातील सर्वांत कठीण सत्य आहे, आणि शिवकालीन राज्यव्यवस्थेने ते सरकारी कोठाराच्या खात्यावर टाकलेले होते.

पेशवाईत स्वाऱ्या दूरदूरच्या होऊ लागल्या, घोडदळाची संख्या फुगली आणि शिलेदारांचे प्रमाण वाढले, तेव्हा हा भार बऱ्याच अंशी गावोगावच्या शिलेदारांकडे गेला. मोहिमेच्या आधी शिलेदाराला नालबंदी नावाची आगाऊ रक्कम दिली जाई; तिच्या नावात नालेचा उल्लेख असला तरी तिच्यातून प्रत्यक्षात घोड्याची सगळी तयारी होत असे. उरलेला काळ घोडा शिलेदाराच्या घरी असे, शेतातला कडबा खाई, नदीकाठच्या कुरणात चरे, आणि त्याच्या घरची घोडी दर एकदोन वर्षांनी शिंगरू देई. हे शिंगरू पुढच्या चाकरीचे भांडवल होते. घोडा मेला की शिलेदाराचे उत्पन्न थांबे. भरपाई मिळाली तरी तिच्या पैशात तोलाचा घोडा लगेच मिळेलच अशी खात्री नसे, आणि म्हणून मराठी स्वार समोरासमोरच्या झुंजीत घोडा घालण्यास नाखूश असत, अशी टीका अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे वावरलेल्या युरोपीय लोकांनी केलेली आढळते. ती टीका लष्करी दृष्टीने खरी मानली, तरी पैदाशीच्या दृष्टीने तिचा अर्थ उलट निघतो. ज्या घोड्यावर कुटुंबाची रोटी अवलंबून आहे, तो घोडा जपला जातो, त्याची वंशावळ लक्षात ठेवली जाते आणि त्याची घोडी भलत्या घोड्याला दाखवली जात नाही. दख्खनमध्ये पैदाशीचे खाते असे कोणतेच नव्हते, कारण ते काम हजारो घरांमध्ये वाटलेले होते.

भीमा, नीरा, माण आणि गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांत ही घरे दाट होती. भीमेच्या थडीचा, म्हणजे काठाचा, तो भीमथडी आणि गोदेच्या काठचा तो गंगथडी, अशी नावे प्रदेशावरून आली. भीमथडीचा घोडा उंचीने बेताचा आणि दिसण्यात साधा असे. अरबी घोड्याचा डौल त्याच्यात नसे, परंतु थोड्या दाण्यावर लांब मजल मारणे, डोंगरवाटेवर पाय न घसरू देणे आणि दुष्काळी वर्षातही तग धरणे हे गुण त्याच्यात असत. उत्तरेकडील मोहिमांशी त्याचे नाव इतके जोडले गेले आहे की महाराष्ट्राच्या राज्यगीतातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आलेला आहे. या जातीत अरबी रक्त मिसळलेले आहे असे परंपरेने मानले जाते आणि त्यात असंभवनीय काही नाही, कारण पश्चिम किनाऱ्यावर आखाती घोड्यांची आवक मराठी राज्याच्या कित्येक शतके आधीपासून चालू होती.

त्या आवकीची एक जुनी साक्ष रशियन व्यापारी अफानासी निकितिन याच्या प्रवासवृत्तात मिळते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहमनी राजवटीत, तो एक घोडा बरोबर घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. जुन्नरच्या असदखान नावाच्या अधिकाऱ्याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलल्यास तो परत करण्याचे आमिष दाखवले. मध्यस्थीने घोडा सुटला, परंतु एका घोड्यापायी परदेशी माणसाच्या श्रद्धेवर बोली लावावी इतके त्या जनावराचे मोल होते, हे त्यातून कळते. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतल्यानंतर पोर्तुगीजांनी आखातातून येणारे घोडे गोव्याच्याच बंदरात उतरावेत असा बंदोबस्त केला आणि त्यांच्यावरील जकात गोव्याच्या महसुलाचा एक मोठा आधार बनली. विजयनगर आणि दख्खनचे सुलतान या दोघांनाही घोडा हवा होता, आणि ज्याच्या हाती बंदर त्याच्या हाती दोघांचीही निकड. घोड्याच्या व्यापारात राज्यसत्तेने घातलेला हा हात नफ्यासाठी होता. पैदाशीची चिंता त्यात नव्हती. पुढे हाच व्यापार मुंबईकडे वळला आणि एकोणिसाव्या शतकात आखाती घोड्यांचे व्यापारी हजारांच्या संख्येने घोडे मुंबई बंदरात उतरवू लागले.

पेशवाईच्या शेवटच्या दोन वर्षांत या सगळ्या रचनेचा पायाच काढून घेण्यात आला. जून १८१७ च्या पुणे तहान्वये दुसऱ्या बाजीरावाने कंपनीच्या हुकमतीखालील पाच हजार स्वारांच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावयाचा होता, आणि त्यातूनच पुण्याचे सहायक घोडदळ उभे राहिले. वर्षभरात पेशवे पदच्युत झाले, हुजुरातीची म्हणजे पेशव्यांच्या खाशा फौजेची पथके विखुरली, आणि पटवर्धनांसारख्या दक्षिणेकडील जहागीरदारांशी जे नवे करार झाले त्यांत त्यांनी पुरवावयाची पथके पूर्वीच्या एक चतुर्थांशावर आणण्यात आली. कालांतराने उरलेल्या चाकरीचेही रोख रकमेत रूपांतर झाले. दख्खनचा कारभार पाहणारा कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याच्या धोरणाचे शांतता हे मोठे यश होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पेंढाऱ्यांच्या धुमाकुळानंतर खेड्यापाड्यांना ती शांतता हवीच होती. पण त्या शांततेत शिलेदाराच्या घोडीला गिऱ्हाईक उरले नाही. जे शेतीवर गेले त्यांना घोड्यापेक्षा बैलजोडी अधिक उपयोगाची होती, आणि जी घोडी पूर्वी लष्करी घोडा देत असे तिच्यापासून आता बाजारहाटाचे तट्टू मिळाले तरी पुरे झाले.

यातील विसंगती अशी की कंपनीने शिलेदार मोडला आणि शिलेदारीची पद्धत मात्र उचलली. १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेतून आलेल्या स्वारांतून जेम्स स्किनरने उभारलेल्या रिसाल्यापासून पुढे, स्वाराने स्वतःचा घोडा आणावा, ठरलेल्या मासिक पगारात तो पोसावा आणि सरकारने दारूगोळ्यापलीकडे फारसे काही देऊ नये, ही रीत कंपनीच्या अनियमित घोडदळात रुजली. १८५७ नंतर ती आणखी पसरली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासची तीन पथके सोडता हिंदी घोडदळातील जवळजवळ सर्व रिसाले इंग्रजी कागदपत्रांत ‘सिलादार’ म्हणून ओळखले जात होते. शब्द तोच राहिला, आशय बदलत गेला. स्वार घरचा घोडा आणीनासा झाला; तो भरतीच्या वेळी रिसाल्याकडे ठरावीक रक्कम जमा करी, रिसाला त्या पैशातून घोडा विकत घेई, आणि मेलेल्या घोड्याची बदली करण्यासाठी सर्व स्वारांच्या पगारातून चंदा नावाच्या निधीत दरमहा वर्गणी कापली जाई. ही एक प्रकारची विमायोजना होती आणि हिशेबाला ती चोख होती. परंतु तिच्यामुळे घोडा आणि घर यांचे नाते तुटले: गावची घोडी, तिचे शिंगरू आणि गावातून भरती होणारा स्वार ही साखळी संपून तिच्या जागी रिसाल्याचा खरेदी-अधिकारी आला, आणि हा अधिकारी साहजिकच एका ठिकाणी, एका उंचीचे, एका वयाचे अनेक घोडे जिथे मिळतील तिथे जाऊ लागला.

घोड्याची पैदास स्वतःच करण्याचा कंपनीचा प्रयोग याच्याही आधी बंगाल इलाख्यात सुरू झाला होता. बिहारमधील पुसा येथे अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सरकारी अश्वशाळा उभी राहिली आणि तिच्या देखरेखीसाठी १७९४ च्या सुमारास एक मंडळ नेमले गेले. घोड्यासाठी सरकारने नेमलेल्या मंडळांच्या लांबलचक मालिकेतील हे पहिले म्हणता येईल. पद्धत अशी होती की कंपनीने वळू घोडे बाळगावेत, निवडक घोड्या आसपासच्या जमीनदारांकडे व रयतेकडे पोसण्यास द्याव्यात आणि होणारी शिंगरे ठरलेल्या भावाने परत घ्यावीत. १८०८ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट या अश्वशाळेचा प्रमुख झाला. फ्रान्समध्ये लियों येथे पशुवैद्यक शिकून आलेला हा इंग्रज आपल्या देशातील पहिल्या रीतसर शिकलेल्या पशुवैद्यांत गणला जातो. त्याने पुसाला ओटची लागवड करून दाण्याचा प्रश्न हाताळला, पण त्याचे मन लवकरच एका वेगळ्या निष्कर्षावर स्थिरावले: चांगला वळू या देशात नाही, तो मध्य आशियातून आणला पाहिजे. त्यासाठी तो १८१२ मध्ये वेष पालटून मानससरोवरापर्यंत गेला, पुढे १८१९ मध्ये बुखाऱ्याच्या मोहिमेवर निघाला आणि १८२५ मध्ये परतीच्या वाटेवर अंदखुई येथे मरण पावला. त्याच्या प्रवासातून भूगोलाला पुष्कळ मिळाले. अश्वशाळेला घोडे मिळाले नाहीत. ज्या रयतेकडे घोड्या दिलेल्या होत्या तिला सरकार हे एकच गिऱ्हाईक होते आणि भावही सरकारच ठरवी. अशा व्यवहारात शिंगराला भरपूर दाणा घालण्यात पाळणाऱ्याचे हित काय, हा प्रश्न मूरक्रॉफ्टच्या अफाट जिज्ञासेतूनही जवळजवळ निसटलाच.

मुंबई इलाख्यात कंपनीने हाच कित्ता गिरवला. पुणे जिल्ह्यातील आलेगाव येथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी अश्वशाळा चालवण्यात आली. शिरूर तालुक्यातील त्या गावाला आजही आलेगाव पागा असेच म्हणतात. जागेची निवड चुकीची नव्हती, कारण घोड व भीमा या नद्यांचा हा टापू जुन्या शिलेदारी मुलखात पडत होता, आणि घोडा ओळखणारी माणसे तेथे अद्याप होती. तरीही ती अश्वशाळा १८४० च्या दशकात आटोपती घेतली गेली. सरकारी तबेल्यात वाढवलेल्या घोड्याचा एकूण खर्च बंदरावर उतरणाऱ्या आखाती घोड्याच्या किमतीशी ताडून पाहिला की तो नेहमीच जड ठरे, आणि हिशेबतपासनिसाच्या दृष्टीला तेवढे पुरेसे होते. दुसरा स्पर्धक दक्षिण गोलार्धातून आला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या मोकळ्या माळांवर स्वस्तात वाढणारे आणि त्या प्रांताच्या नावावरून वेलर म्हटले जाणारे घोडे १८३० च्या दशकापासून मद्रास व कलकत्ता येथे उतरू लागले आणि शतकाच्या उत्तरार्धात तोफखाना व गोरे घोडदळ यांची मुख्य भिस्त त्यांच्यावरच राहिली. दहापंधरा हजार किलोमीटरचा समुद्रप्रवास करून आलेला घोडा भीमेकाठच्या घोड्यापेक्षा सरकारला सोयीचा वाटावा, यात भीमेकाठच्या गवताचा दोष नव्हता.

१८७२ च्या खास आयोगाने अश्वशाळांचा जमाखर्च मांडला आणि त्या बंद करण्याची दिशा दाखवली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या खात्याची सूत्रे ज्याच्याकडे गेली, त्या जे. एच. बी. हॅलन या पशुवैद्याचा पुण्याशी जुना संबंध होता. १८६२ मध्ये तेथे निघालेली लष्करी पशुवैद्यकीय शाळा त्याच्याच पुढाकाराची. परंपरेने घोड्यांवर उपचार करणारे सलोत्री आणि नव्या शास्त्राचे विद्यार्थी यांची गाठ या शाळेत पडली, आणि या शाळेचा वारसा पुढे १८८६ मध्ये मुंबईत परळला सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला मिळाला असे म्हणण्यास हरकत नाही. हॅलनची योजना अश्वशाळांपेक्षा शहाणपणाची होती. सरकारने घोड्या बाळगू नयेत. शेतकऱ्याच्या घोड्या तपासून पसंत पडतील त्यांना डाग द्यावा, डाग असलेल्या घोडीला सरकारी वळू विनामूल्य मिळावा, हलक्या प्रतीचे नर आख्ते करावेत म्हणजे खच्ची करावेत, आणि जत्रा व प्रदर्शने भरवून चांगल्या शिंगरांना बक्षिसे द्यावीत, अशी तिची कलमे होती. मालकी शेतकऱ्याची आणि बाजार खुला, या दोन गोष्टींनी ती जुन्या शिलेदारी व्यवस्थेच्या पुष्कळच जवळ येत होती.

तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली वळूंच्या निवडीची. हॅलनला इंग्लंडमधील नॉरफोक परगण्याच्या दुडक्या चालीच्या दणकट घोड्यांचे विशेष आकर्षण होते आणि त्यांचे, तसेच थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या शुद्ध वंशातील घोड्यांचे रक्त देशी घोड्यांत घालून उंची व हाड वाढवावे असा खात्याचा कल राहिला. उंची वाढली की चंदी वाढते. दुष्काळी टापूतील कुणब्याच्या अंगणात लहानसा भीमथडी घोडा जितक्या खर्चात राहतो तितक्यात मोठ्या हाडाचे संकरित शिंगरू राहत नाही, आणि १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात, जेव्हा दख्खनमध्ये माणसांनाच धान्य नव्हते आणि गुरे हजारोंनी मेली, तेव्हा नव्या खात्याची पहिलीच वर्षे सरत होती. दुसरी उणीव खरेदीची. खाते शिंगरू जन्माला घाली, पण ते घेईलच असे नाही. खरेदी रिसाले व रिमाउंट अधिकारी करीत. लष्करात दाखल होणाऱ्या नव्या घोड्यांना रिमाउंट म्हणतात, आणि ही खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना चार वर्षांचा, तयार, उंचीत बसणारा घोडा हवा असे. शिंगरू जन्मल्यापासून चार वर्षे पोसण्याचा सगळा धोका पाळणाऱ्याच्या माथी राही. नालबंदी नावाच्या जुन्या आगाऊ रकमेने नेमका हाच धोका वाटून घेतला होता. बक्षिसाच्या चांदीच्या पदकाने तो वाटला जात नव्हता.

१८९२ मध्ये मुलकी पशुवैद्यकीय खाते निघाले आणि घोड्यांचे काम त्याच्याकडे सोपवले गेले. तेथे ते गुरांच्या साथीच्या रोगांशी स्पर्धा करू लागले आणि स्वाभाविकपणे मागे पडले. मग १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. त्या युद्धात ब्रिटिशांच्या बाजूचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले, आणि त्यांतले बहुसंख्य गोळीने न मरता उपासमार, थकवा व रोग यांनी मेले. समुद्रापलीकडच्या घोड्यांवर विसंबणारे साम्राज्य एका युद्धातच कसे कोंडीत सापडू शकते, हे दिसल्यावर हिंदुस्थानात आयोग नेमला जाणे अपरिहार्यच होते. १९००-०१ च्या या आयोगाने, सर्व देशभर थोडेथोडे वळू विखरून ठेवण्यापेक्षा पैदाशीला खरोखर अनुकूल असे मोजके जिल्हे निवडावेत आणि तेथील काम लष्कराच्या हाती द्यावे, असा विचार मांडला; त्यानुसार १९०३ मध्ये निवडक टापूंची जबाबदारी लष्करी रिमाउंट खात्याकडे गेली आणि उरलेला प्रदेश मुलकी खात्याकडे राहिला. निवडीत पंजाबचे पारडे जड झाले. दख्खनमध्ये अहमदनगरच्या परिसरात काम चालू राहिले, परंतु जे प्रयोग पंजाबात झाले त्यांची व्याप्ती वेगळीच होती.

झेलम नदीच्या खालच्या कालव्यावर तेव्हा नवी वसाहत वसत होती, आणि सरगोधा हे तिचे ठाणे. या वसाहतीतील पुष्कळशी जमीन घोडीपाल देणगीसाठी राखून ठेवण्यात आली: ज्याला मुरब्बा, म्हणजे कालव्याच्या वसाहतीतील जमिनीचा मोजून आखलेला चौकोनी तुकडा, हवा असेल त्याने सरकारी तपासणीत उतरणारी घोडी कायम बाळगावी, आणि घोडी नापास झाली किंवा बाळगता आली नाही तर जमीन जावी. जमीन वाटली गेली तर घोडी पोसण्याची ऐपत राहणार नाही या धास्तीने, पंजाबच्या वारसा-रिवाजाविरुद्ध, अशा देणग्या फक्त थोरल्या मुलाकडे जाव्यात असा नियमही घालण्यात आला. घोड्यासाठी कायद्याने कुटुंबाची रचना बदलण्याचे असे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. येथे पाळणाऱ्याला उत्पन्न होते, पाणी होते, वैरण होती, म्हणजे दख्खनला जे जे कमी पडले ते सर्व होते. आणि तरीही ही व्यवस्था नाखुशीने पाळली गेली, कारण कालव्याच्या ओलिताची जमीन गव्हाला व कापसाला सोन्यासारखी फळत असताना तिचा काही भाग घोडीच्या वैरणीखाली ठेवणे हा कुटुंबाला कायमचा तोटा वाटे. शिलेदाराने घोडी ठेवली ती घोड्याच्या मिळकतीसाठी. घोडीपालाने ती ठेवली जमीन जाऊ नये म्हणून, आणि अधिकारी तपासणीला येण्याच्या आधीच्या आठवड्यांत तिची जी बडदास्त होई ती वर्षभर होत असेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

पहिल्या महायुद्धाने सिलादार पद्धतीचाच निकाल लावला. परदेशातील आघाड्यांवर हजारो घोडे एकदम बदलण्याची वेळ आली तेव्हा रिसाल्यांचे चंदा निधी पुरे पडेनात. सरकारला पुरवठा आपल्याकडे घ्यावा लागला आणि युद्धानंतर १९२१ च्या पुनर्रचनेत ही पद्धत रद्द झाली. शिलेदार हा शब्द सुमारे शंभर वर्षे दुसऱ्याच्या दप्तरात टिकून मग तेथूनही गेला. त्यानंतरच्या वीसएक वर्षांत रणगाड्यांनी घोड्याची जागा घेतली. पुण्याच्या सहायक घोडदळाचा वारसा सांगणारा पूना हॉर्स हा रिसाला आजही त्याच नावाने आहे आणि १९७१ च्या युद्धात बसंतरच्या लढाईत त्याने नाव मिळवले, पण ते रणगाड्यांवर बसून.

लष्कर मागे सरले तेव्हा पश्चिम भारतात घोड्याला दुसरा आश्रयदाता आधीच मिळालेला होता, आणि तो होता शर्यतीचा सट्टा. महालक्ष्मीचे शर्यतमैदान १८८३ पासून चालत होते. मुंबई सरकारने १९१२ मध्ये शर्यतमैदानांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला आणि १९२५ मध्ये पैजांवर कर बसवला. नैतिकतेचा आक्षेप आणि तिजोरीची गरज यांच्यात सरकारने काढलेली ही तडजोड होती. परवान्याच्या चौकटीत खेळला तर तो खेळ, बाहेर खेळला तर गुन्हा. या पैशातून पुण्याभोवती खासगी अश्वशाळा वाढल्या, वंशावळीची नोंदवही ठेवण्याचे काम पुण्यातच स्थिरावले, आणि कंपनीच्या अश्वशाळांना जे कधी जमले नाही ते साधले: सरकारी मदतीविना स्वतःच्या पायावर उभी राहणारी पैदास. ती केवळ थरोब्रेडची होती, आणि भीमथडीच्या घोड्याला तिच्यात स्थान नव्हते. या अश्वशाळांचा एक परिणाम मात्र कोणत्याही आयोगाच्या कल्पनेत बसला नसता. सर्पदंश, धनुर्वात अशांवरील रक्तद्रव तयार करण्यासाठी घोड्यांची गरज असे, आणि परळच्या हाफकिन संस्थेला पुण्याच्या पूनावाला अश्वशाळेतून निवृत्त घोडे पुरवले जात. त्याच कुटुंबाने १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया स्थापन केली.

स्वातंत्र्यानंतर घोड्यांविषयीचे सरकारी काम संशोधनाकडे वळले. हरियाणातील हिसार येथे १९८० च्या दशकाच्या मध्यास राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र उभे राहिले. घोड्यांची संख्या या काळात घसरतच गेली. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरली, आणि आधीच्या, २०१२ च्या गणनेशी तुलना करता ही घट ४५ टक्क्यांच्या आसपास होती. घोड्यांचा बाजार मात्र पूर्णपणे उठलेला नाही. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेला तो अजून भरतो. तेथे मोल मिळते ते उंच, डौलदार, नाचता येणाऱ्या घोड्याला, म्हणजे प्रामुख्याने मारवाडी व काठियावाडी जातींना, आणि गिऱ्हाईक असते ते वरातीचे, मिरवणुकीचे व हौसेचे.

२०२४ मध्ये दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या. भारतीय कृषी संशोधन परिषदेने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदवली. कागदोपत्री तिला हा दर्जा मिळेपर्यंत ती ‘दख्खनी तट्टू’ या मोघम वर्णनातच मोडत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर व उंट यांचा समावेश करून पैदास-उद्योगासाठी ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत, भांडवली अनुदान जाहीर केले, आणि वीर्यकेंद्रे व मूळ कळपांची पैदासकेंद्रे उभारण्यासाठी १० कोटी रुपयांपर्यंतची तरतूद केली. पुसा आणि आलेगावची कल्पना येथे नव्या पोशाखात परत आलेली दिसते, फरक एवढाच की आता वळूऐवजी वीर्य पाठवता येते. भीमथडीची जी घोडी आज टिकून आहे, ती मुख्यतः मेंढपाळ धनगरांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे कळप घेऊन एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांच्या गटांबरोबर, चालते. पाऊस सरला की हे कळप कोकणाकडे व अन्यत्र चारणीला निघतात, आणि तंबू, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी लहान मुले या घोड्यांच्या पाठीवर जातात. भांडवली अनुदानाच्या अर्जाला जमीन, प्रकल्प-अहवाल आणि बँकेचे कर्ज यांची जोड लागते. वर्षातले कित्येक महिने वाटेवर असणाऱ्या आणि आपल्या घोडीपासून पैशातले उत्पन्न न घेणाऱ्या कुटुंबाला त्या अर्जाच्या रकान्यांत बसणे अवघड आहे, आणि वाड्यांचे सामान वाहायला आता टेम्पोही मिळू लागला आहे.